अबू सखरनं ग्लास खाली ठेवला

अबू सखरला नकार ऐकायची सवय नव्हती. जॉर्डनमधल्या सल्तच्या बाजारात त्याचं पिंजाऱ्याचं दुकान. आठवडाभर लोकर पिंजायची, गाद्या-रजया शिवायच्या, आणि गुरुवारी संध्याकाळी मिशीतली लोकर झटकायची, सोनेरी काठाचा काळा झगा खांद्यावर टाकायचा आणि कुणाच्या तरी पोरासाठी मुलगी मागायला निघायचं. गाद्या काय, कोणीही शिवेल; मुलगी मागावी ती अबू सखरनंच, असं आमच्या गावात लहान मूलही सांगेल.

मागणी घालायला जाणाऱ्या मंडळींना आमच्याकडे जाहा म्हणतात. मुलाकडचे झाडून सगळे पुरुष गंभीर चेहऱ्यानं मुलीच्या घरी जाऊन बसतात. कडू कॉफीचा पहिला कप येतो तो अबू सखरच्या हातात. तो कप घ्यायचा, ओठाला न लावता खाली ठेवायचा आणि गप्प बसायचा. मग मुलीचा बाप विचारायचा, "कॉफी का घेत नाही, अबू सखर?" अबू सखर म्हणायचा, "आम्ही काही मागायला आलोय. ते मिळाल्याशिवाय तुमची कॉफी घशाखाली उतरायची नाही." बाप जरा वेळ खाऊन म्हणायचा, "प्या कॉफी. मागितलंत ते दिलं." की सगळी जाहा एकदम कप उचलणार. मुळात हे लग्न बायकांनी महिनाभर आधीच आतल्या खोलीत ठरवून टाकलेलं असतं, हे बाहेर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण 'दिलं' म्हणायच्या आधी कोणी कॉफीचा एक घोट घेतला, तर मागणी सोडून दिली असाच त्याचा अर्थ. अबू सखरनं हा घोट कधीच घेतला नव्हता.

त्याचं खरं नाव फवाज. पण आमच्याकडे बाप्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं बरं दिसत नाही, म्हणून लग्नाच्या दिवशीच मित्रांनी त्याला 'सखरचा बाप' करून टाकलं. सखर काही आला नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बायकोही उम्म सखर झाली. मग अबू सखरची बहीण गेली आणि तिचा झैदून या दोघांच्या घरी आला. दुकानातल्या लोकरीच्या ढिगावर झोपून तो मोठा झाला आणि 'मामा, मामा' करत दोघांच्या काळजात जाऊन बसला. पुढे सौर विजेचं काम शिकला आणि मोरोक्कोला गेला. दोन वर्षांसाठी, असं म्हणून गेला. त्याच भरवशावर अबू सखरनं घरावर एक खोली चढवली, गिलावा केला, दाराला निळा रंग दिला.

आणि एक दिवस फोन आला.

"मामा, एक मुलगी आहे."

"अरे वा! कुठली? इर्बिदची?"

"जरा लांबची."

"अकबाची?"

"अजून जरा लांबची, मामा."

मुलगी मोरोक्कोतल्याच एका डोंगरावरच्या गावची निघाली. अबू सखर जन्मात जॉर्डनबाहेर पडला नव्हता, पण झैदूनची मागणी दुसऱ्या कोणी घालायची ही गोष्टच अशक्य होती. बरोबर निघालेल्या उम्म सखरनं दोघांची बॅग भरता भरता त्याला दम भरला, "सून आणायचीच. पण आधी माझा पोरगा आणायचा. रिकाम्या हातांनी परत यावं लागलं, तर त्या वरच्या खोलीत तुम्ही एकटेच राहायचं, सांगून ठेवते."

"अगं, मी कधी रिकाम्या हातांनी आलोय का?"

"आजवर दुसऱ्यांसाठी मागत होता."

विमानतळावर पहिली चकमक झडली ती रजईवरून. नव्या जोडप्यासाठी अबू सखरनं मेंढीच्या लोकरीची रजई स्वतः शिवली होती आणि ती सामानात टाकायला तो तयार नव्हता. तपासणीवाल्या तरुणानं ती दाबून पाहिली, उलटीपालटी केली.

"यात काय आहे, चाचा?"

"लोकर."

"आणि लोकरीच्या आत?"

"माझी कंबर. दोन आठवडे वाकून शिवलीय."

पोरगा हसला आणि त्यानं रजई जाऊ दिली. अबू सखर ती मांडीवर घेऊन कॅसाब्लांकापर्यंत घामाघूम होऊन बसला. शेजारच्या प्रवाशानं मात्र तिचं एक टोक हळूच ओढून घेतलं आणि मस्त झोप काढली.

मोरोक्कोत उतरल्यावर त्याला कळलं की इथली माणसं अरबी बोलतात, पण ते फक्त त्यांना कळतं. शब्द ओळखीचा वाटेवाटेपर्यंत समोरचा पुढच्या वाक्यात पोचलेला असे. आपलं बोलणं मात्र इथे सगळ्यांना कळतं, हे पाहून त्याला भलताच आनंद झाला. रेल्वेत, हॉटेलात, रस्त्यात तो मनमोकळा बोलत सुटला आणि सल्तच्या रिवाजाप्रमाणे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंड भरून दुवा देत गेला. लोक मात्र दुवा ऐकून जरा विचित्रच बघत. "लाजाळू आहेत बिचारे," तो बायकोला म्हणाला.

मेकनेसच्या स्टेशनवर झैदून घ्यायला आला. त्याला मिठी मारताना अबू सखरच्या मिशीचे केस थरथरले, आणि उम्म सखरनं तर पोराला हुंगूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या गावी जायचं होतं. अबू सखर झगा घालून तयार झाला आणि अचानक पलंगावर बसला.

"मी जात नाही."

"का, मामा?"

"जाहा कुठाय? मागे माणसं नकोत? एकट्यानं जायला मी काय मुलगी मागायला चाललोय की शेजारणीकडे उसनं पीठ मागायला?"

"मामा, इथे कोणाला काही वाटत नाही."

"मला वाटतं ना!"

शेवटी उम्म सखरनं त्याला झग्याला धरून खाली आणलं. डोंगरावर जायला इथे वाटून घ्यायची टॅक्सी असते. पुढे दोन, मागे चार माणसं कोंबतात आणि दार जोर लावून बंद करतात. ड्रायव्हरचं नाव बूशैब. त्यानं मोठ्या मायेनं रजई टपावर चढवली, चहूबाजूंनी दोरीनं आवळली. अबू सखर भारावून गेला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "अल्ला तुला आफिया देवो, बाळा! तुझ्या हातांना, तुझ्या घराला, तुझ्या मुलाबाळांना आफिया देवो!"

बूशैबच्या हातातली दोरी तशीच राहिली. मागे बसलेली, मांडीवर भाजीची टोपली घेतलेली एक जाडजूड बाई म्हणाली, "अहो काका, काय घोडं मारलंय त्यानं तुमचं?"

झैदूननं कपाळाला हात लावला. "मामा, आपल्याकडे आफिया म्हणजे ताकद, तब्येत. इथे आफिया म्हणजे आग."

"आग?"

"आग. त्याच्या मुलाबाळांना आग लागो म्हणालात तुम्ही."

अबू सखरच्या तोंडचं पाणी पळालं. "कालपासून मी सगळ्यांना... तिकीट तपासणाऱ्याला म्हणालो. हॉटेलच्या पहारेकऱ्याला म्हणालो. त्या स्टेशनजवळच्या मशिदीतल्या इमामाला—"

"इमामाला?"

"त्यानं नमाज फार सुरेख पढवली होती रे!"

आधी बूशैब हसला, मग टोपलीवाली, मग गाडीतले बाकीचे दोघे. गाडी सुरू होण्याआधीच हलायला लागली. हसता हसता टोपलीवालीच्या लक्षात आलं की या म्हाताऱ्याची बोली आपल्या ओळखीची आहे. रोज संध्याकाळी ती पाहते त्या मालिकेतला देखणा नायक असाच बोलतो. ती पुढे झुकली.

"काका, ते 'तू मला पुरशील गं' म्हणा ना एकदा."

अबू सखर संकोचला. आमच्याकडे लाडात आलं की म्हणतात तसं. मला मातीत पुरायला तू असावीस, तुझ्याआधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायला लागू नये, असा त्याचा भाव. पण आग्रह झाला आणि आपल्या जड, घोगऱ्या आवाजात त्यानं ते म्हटलं. टोपलीवालीनं डोळे मिटून हात गालावर ठेवला. बूशैबनं कौतुकानं हॉर्न वाजवला.

"लग्नाला उभं आयुष्य झालं," खिडकीशी चिरडलेली उम्म सखर बोलली, "माझ्या मेलीच्या हातून पुरून घ्यायचं नाव कधी काढलं नाहीत! आणि इथे फुकट वाटत सुटलाय!"

गाडी चढाला लागली तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं. मागणी घालायला एकटाच चाललाय म्हटल्यावर बूशैबला राहवेना. "मग आम्ही कशाला आहोत? यांचं वजन काय बाजारात विकायचंय का?" त्यानं गाडीतल्या दोघांकडे बोट दाखवलं. दोघेही खूश. टोपलीवाली म्हणाली, "मी तर येणारच." वाटेत गाडी थांबवून बूशैबनं सगळ्यांच्या वतीनं साखर आणली, म्हणजे पुडीतली नव्हे, निळ्या कागदात गुंडाळलेले, हातभर उंचीचे साखरेचे सुळके. मागणीला इथे हेच नेतात म्हणे. एवढा थोरला साखरपुडा अबू सखरनं जन्मात पाहिला नव्हता. दोन काखांत दोन सुळके, मागे अनोळखी जाहा, डोक्यावर रजई घेतलेला झैदून, अशी ती वरात मुलीच्या दारात पोचली तेव्हा अबू सखर मनातून इतका सुखावला होता की सल्तच्या अर्ध्या बाजारानं हे पाहायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

मुलीचे वडील सी तैबी ('सी' म्हणजे इथलं 'राव', तसं बायकांना 'लल्ला') ऑलिव्हच्या तेलाचा घाणा चालवत. बुटके, नीटनेटके, फार सभ्य गृहस्थ. त्यांची आई लल्ला हनिया भिंतीकडेच्या उंच बैठकीवर पाय घेऊन बसली होती. गुडघे गेलेले, कान आणि डोळे मात्र शाबूत. मुलगी गिझलान येऊन सलाम करून आत गेली. तिच्या हातांना तेलाचा वास होता आणि झैदूनकडे तिनं अजिबात पाहिलं नाही; यावरूनच उम्म सखरला सगळं समजलं आणि मुलगी पसंत पडली. अबू सखरनं बैठकीवर बसताना तळवा दाबून पाहिला. लोकर अस्सल होती, फक्त जरा आळसानं पिंजलेली.

सी तैबींनी चहा केला. पुदिन्याचा, भरपूर साखरेचा. किटली हातभर उंच धरून त्यांनी ग्लासात अशी धार सोडली की वर फेस आला आणि थेंब बाहेर सांडला नाही. पहिला ग्लास अबू सखरला. कॉफी नव्हती, पण प्रसंग तोच होता. त्यानं ग्लास घेतला, झगा सारखा केला आणि न पिता टेबलावर ठेवला. टक्‌ असा आवाज झाला. मग तो गप्प बसला, सी तैबींच्या प्रश्नाची वाट बघत.

सी तैबींनी ग्लासाकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, मग सभ्यपणे छताकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहुण्यानं चहा नाकारला, तर का म्हणून विचारत नाहीत; तो अधिक चांगला करून आणतात. त्यांनी खूण केली. ग्लास उचलला गेला, किटली धुतली गेली, नवा पुदिना आला. दुसरा चहा आला. टक्‌.

तिसऱ्या वेळी बदाम भरलेली बिस्किटंही आली. अबू सखरनं त्यांनाही हात लावला नाही. त्याच्या मागे बसलेली जाहा मात्र सुर्रकन्‌ आवाज करत पीत होती. बूशैबचा तर दुसरा ग्लास चालला होता. अबू सखरनं त्याच्याकडे असं पाहिलं की सल्तमधला माणूस असता तर गाव सोडून गेला असता. बूशैबनं हसून ग्लास उंचावला.

"साखर झाली असेल बिचाऱ्याला," लल्ला हनिया सुनेला, गिझलानच्या आईला, म्हणाली. मग बिनसाखरेचा चहा आला. टक्‌. लिंबाच्या वासाच्या पानांचा काढा आला. टक्‌. गरम दूध आलं. अबू सखरसमोर ग्लासांचं दुकान लागलं आणि त्याचा घसा सुकून लाकूड झाला.

उम्म सखरनं त्याला चिमटा काढला. "प्या हो!"

"गप बस. एक घोट घेतला तर लग्न मोडलं."

"न घेताही मोडतंय, दिसत नाही का?"

खरंच मोडत होतं. सी तैबींचा चेहरा लाल झाला होता. ते उठून उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "माझ्या घरातलं पाणीसुद्धा तुम्हाला चालत नाही. मग माझी मुलगी कशी चालणार?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. खोली गार झाली. आयुष्यात पहिल्यांदा नकार समोर उभा होता, आणि तोही झैदूनच्या वेळी. तेवढ्यात, नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नसतं हे विसरून झैदून ओरडला, "काका, मामा तुम्ही विचारायची वाट बघतायत!" आणि त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. कॉफी, कप, जाहा, सगळं.

सी तैबी तसेच उभे राहिले. मग बैठकीवरून खी खी असा आवाज आला. लल्ला हनिया ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती.

"म्हणजे मागितलेलं मिळेपर्यंत प्यायचं नाही?"

"नाही, लल्ला." अबू सखरच्या जिवात जीव आला.

"आणि समोरच्याला मग द्यावंच लागतं?"

"द्यावंच लागतं. पाहुण्याला तहानलेला ठेवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही," तो छाती काढून म्हणाला.

"बरं आहे तुमच्याकडे."

सी तैबी खाली बसले. हसावं की रागवावं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "का पीत नाही, सी फवाज?" अबू सखरनं आपलं वाक्य म्हटलं. इतकं मनापासून ते त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. "प्या," सी तैबी म्हणाले, "मागितलंत ते दिलं." आत बायकांनी जीभ नाचवून ललकारी दिली, टोपलीवालीनं इकडून दुसरी दिली. उम्म सखर रडायला लागली. अबू सखरनं सर्वांत जवळचा ग्लास उचलून ओठांपाशी नेला.

टक्‌.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लल्ला हनियानं आपला भरलेला ग्लास टेबलावर ठेवला होता आणि हात मांडीत घेऊन ती छताकडे बघत होती.

"आई?" सी तैबी म्हणाले.

"मला विचारा की कोणीतरी."

विचारायचं कोणी हे खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. अबू सखरनं हातातला ग्लास खाली केला.

"का पीत नाही, लल्ला?"

"काही मागायचंय," म्हातारी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "ही पोर मला सकाळी उठवते. हिनं धरल्याशिवाय मला पाय जमिनीवर टेकवता येत नाहीत. घाणाही तीच बघते. माझा मुलगा नुसता सभ्य आहे. तुमचा झैदून इथेच राहू दे. मला मुलगा द्या, मग मी पिते."

बूशैबनंसुद्धा पिणं थांबवलं. अबू सखरनं झैदूनकडे पाहिलं. तो गालिच्याकडे बघत होता. लहानपणी काही हवं असलं की तो असाच खाली बघत बसायचा. मागायचा नाही. आई नसलेल्या पोराला मागायची भीती वाटते, आणि ती घालवायला या घरानं किती लाड केले तरी ती पुरती गेली नव्हती. त्याला यायचं असतं तर त्यानं वर पाहिलं असतं. निळ्या दाराची ती खोली त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि तिच्यात कोणीच नव्हतं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ज्या बाईनं दम भरून आणलं होतं, तिच्या परवानगीशिवाय हे बोलता येणार नव्हतं. उम्म सखरचे डोळे अजून ओले होते, फक्त आताचं पाणी वेगळं होतं. तिनं लल्ला हनियाच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, झैदूनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बोला हो. म्हातारी तहानलीय."

अबू सखरनं घसा खाकरला. मग आवाज निघाला तो बारीक, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"प्या, लल्ला. मागितलंत ते दिलं."

लल्ला हनियानं ग्लास उचलला, एक घोट घेतला, "थंडगार झालाय मेला," म्हणाली आणि तरी सगळा संपवला. पुन्हा ललकाऱ्या झाल्या. झैदूननं येऊन मामाच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि तिथेच तोंड लपवून उभा राहिला. "हो बाजूला, झगा चुरगळतोय," अबू सखर म्हणाला, पण त्याला धरून ठेवलेला हात त्यानं सोडला नाही.

गडबडीत सी तैबी येऊन त्याच्या शेजारी बसले. आत मुलीभोवती बायकांचा गलका चालला होता. त्यांना तिकडे जावंसं वाटत नव्हतं आणि इथेही बसवत नव्हतं.

"सी फवाज," त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे 'दिलं' म्हटल्यावर पुढे काय करतात? देणारा?"

अबू सखरनं आठवून पाहिलं. एवढ्या घरांत तो गेला होता. कप उचलताना झालेला आनंद आठवला, मिठ्या आठवल्या, मिठाई आठवली. देणारा माणूस त्यानंतर कुठे बसला, काय करत होता, हे त्याला एकाही घरातलं आठवेना. त्यानं कधी वळून पाहिलंच नव्हतं.

"ठाऊक नाही, सी तैबी," तो खरं ते म्हणाला.

सी तैबींनी मान डोलावली, किटली ओढून घेतली आणि दोघांसाठी चहा ओतला. या वेळी हात उंच धरला नाही.